अमेरिकेचं यादवी युद्ध : निकाल गेटिसबर्गला लागला की मिसिसिपीवर?

बखरकार

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१-६५) विषय निघाला की बोलणं हटकून गेटिसबर्गवर येतं. जुलै १८६३, तीन दिवसांची लढाई, दक्षिणेचा सेनापती ली याचा पराभव आणि तिथून दक्षिणेला उतरती कळा. मला हे पटत नाही. का, ते मांडायला हा धागा.

आधी घटनाक्रम. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटलं, १ फेब्रुवारीपर्यंत त्याच्यामागून आणखी सहा राज्यं. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट समटरवर दक्षिणेनं तोफा डागल्या. लिंकननी ७५ हजार स्वयंसेवक मागवले, तेव्हा व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाही गेली. एकूण अकरा. पण केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली चार राज्यं उत्तरेकडेच राहिली. त्यामुळे ओहायो नदीचा काठ दक्षिणेच्या हाती कधीच आला नाही.

आता नकाशा उघडा. वॉशिंग्टन ते दक्षिणेची राजधानी रिचमंड अंतर जेमतेम १६० किलोमीटर. या पट्ट्यात बुल रन, सेव्हन डेज, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सलर्सव्हिल झाल्या, हजारो माणसं पडली आणि तीन वर्षांनी दोन्ही फौजा जवळपास तिथेच होत्या. पश्चिमेकडे बघा. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन पडले, टेनेसी आणि कंबरलँड या दोन्ही नद्या उघड्या पडल्या, त्याच महिन्यात नॅशव्हिल गेलं. एप्रिलअखेर न्यू ऑर्लीन्स, जूनमध्ये मेम्फिस, ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग. युद्ध पुढे सरकत होतं ते इथे.

माझं म्हणणं असं की दक्षिण पश्चिमेत हरली, पूर्वेत फक्त शेवट झाला. तुम्हाला काय वाटतं?

(युद्ध गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून, हा वाद इथे नको. मिसिसिपी राज्यानं फुटताना काढलेलं जाहीर निवेदन वाचावं, सुरुवातीलाच गुलामगिरीचं कारण स्वच्छ दिलेलं आहे.)

तोफखाना

बखरकार, पूर्व इतकी सहज मोडीत काढू नका. माझ्या मते कलाटणी गेटिसबर्गच्या दहा महिने आधी मिळाली, अँटिएटमला.

सप्टेंबर १८६२ मध्ये ली मेरीलँडमध्ये शिरला आणि त्यानं फौज चार-पाच तुकड्यांत पांगवली. त्या हुकमाची, म्हणजे विशेष आदेश १९१ ची, एक प्रत १३ तारखेला फ्रेडरिक गावाजवळ उत्तरेच्या सैनिकांना सापडली, तीन चिरुटांभोवती गुंडाळलेली. शत्रूची फौज कुठे कुठे विखुरलीय हे उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याला घरबसल्या कळलं, तरी त्यानं हालचाल सुरू करण्यात बहुमोल तास घालवले आणि लीनं फौज गोळा केली. १७ तारखेला एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार ठार, जखमी आणि बेपत्ता झाले. लष्करी हिशेबानं लढाई अनिर्णित, पण ली मागे गेला एवढं लिंकनना पुरेसं होतं. २२ सप्टेंबरला गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा निघाला, १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला.

त्या शरद ऋतूत ब्रिटिश मंत्रिमंडळात मध्यस्थीची गंभीर चर्चा चालू होती. नोव्हेंबरमध्ये ती बारगळली. जाहीरनाम्यानंतर दक्षिणेला मान्यता म्हणजे गुलामगिरीला उघड पाठिंबा, आणि ते ब्रिटनला जड गेलं असतं. बाहेरची मदत नाही म्हटल्यावर ९० लाख लोकसंख्येचा, त्यातही सुमारे ३५ लाख गुलाम असलेला प्रदेश २ कोटी २० लाखांच्या उत्तरेपुढे किती काळ टिकणार?

माळरान

दोन्ही प्रतिसाद वाचनीय. वाचतेय.

मालगाडी

मी बखरकारांच्या बाजूनं, पण नद्यांइतकंच रुळांवर बोललं पाहिजे.

युद्ध सुरू झालं तेव्हा उत्तरेकडे साधारण २२ हजार मैल रेल्वे, दक्षिणेकडे ९ हजार. पण खरी अडचण लांबीची नव्हती. दक्षिणेत बहुतेक लाइनी पाच फुटी गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), तर व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात बऱ्याच ठिकाणी चार फूट साडेआठ इंची. गेज बदललं की डबा पुढे जात नाही, माल उतरवून पुन्हा भरायचा. काही शहरांत दोन कंपन्यांची स्टेशनं एकमेकांना जोडलेलीच नव्हती. डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो हा सुमारे ८० किलोमीटरचा तुटलेला दुवा जोडायला मे १८६४ उजाडला.

दुसरं म्हणजे रूळ. दक्षिणेतल्या रोलिंग मिल (लोखंड लाटून रूळ-पत्रे करणारे कारखाने) चिलखती जहाजांच्या पत्र्यांत गुंतल्या, नवे रूळ तयार होणं जवळपास थांबलं. मुख्य लाइन चालू ठेवायची तर आडवाटेच्या लाइनचे रूळ उखडून आणायचे, एवढाच मार्ग उरला. इंजिनांच्या सुट्या भागांचीही तीच गत. झिजलेल्या रुळांवर गाड्या हळू चालवाव्या लागल्या, म्हणजे तेवढ्याच डब्यांत दिवसाकाठी कमी माल पोचला.

याचा परिणाम सप्टेंबर १८६३ मध्ये दिसतो. दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटचे सुमारे १२ हजार सैनिक व्हर्जिनियातून जॉर्जियातल्या चिकामॉगाला पाठवायचे होते. नॉक्सव्हिल नुकतंच उत्तरेनं घेतल्यानं सरळ रस्ता बंद, म्हणून कॅरोलिना, ऑगस्टा, अटलांटा असा वळसा पडला. लढाई लागली तेव्हा त्यातल्या पाचच ब्रिगेड पोचल्या होत्या, तोफा मागेच. लगेच महिनाअखेरीस उत्तरेनं दोन कोअर (फौजेच्या मोठ्या तुकड्या), वीस हजारांवर माणसं, सुमारे १,९०० किलोमीटर फिरवून बाराएक दिवसांत टेनेसीत उतरवली.

सातबारा

मालगाडी, हे आधी माहीत नव्हतं. एक शंका. उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेनं रूळ तापवून झाडांना गुंडाळले असं वाचलंय. तेच रूळ पुन्हा तापवून सरळ करता येत नव्हते का?

मालगाडी

येत होते, आणि म्हणूनच पद्धतीत सुधारणा झाली. साधी पद्धत अशी : रूळ सोडवायचे, खालचे लाकडी स्लीपर उपटून त्यांची चळत रचायची, त्यावर रूळ आडवे ठेवून आग लावायची. मध्यभाग लाल झाला की दोन्ही टोकं धरून झाडाभोवती वळसा. असा नुसता वाकवलेला रूळ पुन्हा तापवून, ठोकून वापरण्याजोगा होतो. मग उत्तरेच्या इंजिनिअरांनी इंग्रजी यू आकाराचे लोखंडी आकडे काढले. ते रुळाच्या दोन टोकांना अडकवून, दांडे घालून उलटसुलट फिरवायचे. रुळाला पीळ बसला की तो ठोकून सरळ होत नाही, रोलिंग मिलमध्येच न्यावा लागतो. आणि दक्षिणेच्या जनरल हूडनं १ सप्टेंबर १८६४ च्या रात्री अटलांटा सोडताना दारूगोळ्याची गाडी पेटवली, त्यात तिथली रोलिंग मिलही उद्ध्वस्त झाली.

दुरुस्तीत उत्तर किती पुढे होती त्याचा एक नमुना. चॅटाहूची नदीवरचा पूल, लांबी ७८० फूट, उंची ९२ फूट, साडेचार दिवसांत उभा केला. शर्मननं स्वतः दिलेला हिशेब : लुईव्हिलपासून अटलांटापर्यंत ४७३ मैलांच्या एकेरी लाइननं एक लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं १९६ दिवस पोसली. तेवढाच माल वॅगननं आणायचा तर सहा खेचरांच्या ३६,८०० वॅगन लागल्या असत्या.

चारापाणी

हा वॅगनचा आकडा फुगवलेला वाटेल, पण हिशेब करून पाहा. लष्करी नियमानं खेचराला दिवसाला ९ पौंड धान्य आणि १४ पौंड गवत. सहा खेचरं म्हणजे दिवसाला ५४ पौंड धान्य, ८४ पौंड गवत, मिळून १३८. खराब रस्त्यावर वॅगनमध्ये २,५०० पौंड माल धरा. पाच दिवस जायचं आणि पाच दिवस रिकामं परत यायचं तर खेचरंच १,३८० पौंड खातात. फौजेच्या हाती पडले ११२० पौंड, निम्म्याहून कमी. गवत वाटेत मिळालं तर बरं, पण ज्या रस्त्यानं दोन फौजा दोनदा गेल्या तिथे गवत कुठलं राहतंय? शिवाय वाटेत मरणारी खेचरं वेगळी.

म्हणून मोठी फौज नदीच्या धक्क्यापासून किंवा रेल्वेच्या टोकापासून दोन-तीन मजलांपलीकडे फार काळ राहू शकत नसे. सेनापतींच्या "दिरंगाई"ची निम्मी उत्तरं या आकड्यांत आहेत. घोड्याचं धान्य तर १२ पौंड, त्यामुळे घोडदळ आणखी महाग.

तोफखाना

चारापाणी, हिशेब मान्य. पण मॅक्लेलनची बाजू या हिशेबानं सावरत नाही. त्याच्या मागे जहाजं होती आणि धक्के होते. तो समोरच्या फौजेचा अंदाज दुपटीनं चुकवायचा, खरी अडचण ती.

नदीकाठ

व्हिक्सबर्गच्या मोहिमेचे टप्पे देतो, कारण पश्चिमेचं सगळं मर्म तिथे आहे.

गाव मिसिसिपीच्या पूर्व काठावर उंच कड्यावर, खाली नदीला तीव्र वळण. जहाज वळताना मंदावतं आणि नेमकं तोफांच्या तोंडी येतं. उत्तरेला याझू नदीची दलदल. १८६२-६३ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या जनरल ग्रँटनं कालवा खणून पाहिला, लेक प्रॉव्हिडन्सची वाट पाहिली, याझू पासची पाहिली. सगळं फसलं.

मग त्यानं फौज पश्चिम काठानं दक्षिणेकडे चालवली. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या आरमाराच्या पोर्टरनं जहाजं तोफांसमोरून काढली. इंजिनांच्या बाजूला कापसाचे आणि गवताचे गठ्ठे रचलेले, कुशीला कोळशाच्या पडाव बांधलेल्या. एकच वाहतुकीचं जहाज बुडालं. दुसऱ्या दिवशी ग्रीअर्सन १,७०० घोडेस्वार घेऊन टेनेसीतून निघाला आणि मिसिसिपी राज्य उभं चिरत २ मे रोजी बॅटन रूजला पोचला. दक्षिणेचं घोडदळ त्याच्या मागे धावत राहिलं.

३० एप्रिलला ग्रँट ब्रूइन्सबर्गला नदी ओलांडून पूर्वेला उतरला. आणि उत्तरेकडे व्हिक्सबर्गवर न जाता ईशान्येला वळला, रेल्वे तोडायला. १ मे पोर्ट गिब्सन, १२ ला रेमंड, १४ ला राज्याची राजधानी जॅक्सन, १६ ला चॅम्पियन हिल, १७ ला बिग ब्लॅक नदी. दक्षिणेच्या जॉन्स्टन आणि पेंबर्टन यांच्या फौजा एकत्र येऊच दिल्या नाहीत.

इथे एक गैरसमज सरसकट चालतो की ग्रँटनं रसद पूर्ण तोडून टाकली. तसं नाही. ग्रँड गल्फच्या धक्क्यावरून वॅगन येत होत्या, पण त्यांत कडक बिस्किटं, कॉफी, मीठ आणि दारूगोळा एवढंच. मांस आणि मका वाटेतल्या शेतांतून. वर चारापाणींनी मांडलेल्या हिशेबाला त्यानं असं उत्तर दिलं.

१९ आणि २२ मेचे थेट हल्ले साफ फसले. मग वेढा, ४७ दिवसांचा. खंदक नागमोडी पुढे सरकवत नेले, २५ जूनला तटाखाली सुरुंग उडवला. आत माणसं खेचराच्या मांसावर आली, गावातलं वर्तमानपत्र भिंतीवर चिकटवायच्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलं जात होतं. ४ जुलैला सुमारे २९,५०० माणसं आणि १७२ तोफा शरण आल्या. ९ जुलैला मिसिसिपीवरचं दक्षिणेचं उरलेलं ठाणं पोर्ट हडसन पडलं. टेक्सास, आर्कान्सा आणि लुइझियानाचा बहुतेक भाग, म्हणजे तिथली गुरं, धान्य, माणसं, उरलेल्या दक्षिणेपासून तुटली.

माळरान

नदीकाठ, फार सुरेख मांडणी. यात एक भर घालते. वेढा चालू असताना ७ जूनला मिलिकेन्स बेंडच्या तळावर टेक्सासच्या ब्रिगेडनं हल्ला केला, तो थोपवला नुकत्याच भरती झालेल्या काळ्या पलटणींनी. त्यांतल्या कित्येकांच्या हाती बंदूक येऊन आठवडेच झाले होते. शेवटी गनबोटींच्या तोफांनी हल्लेखोरांना मागे रेटलं.

या धाग्यात आतापर्यंत गुलाम लोकांचा उल्लेख फक्त लोकसंख्येच्या आकड्यात आलाय, तेव्हा हेही लिहिते. मे १८६१ मध्ये, जाहीरनाम्याच्या कितीतरी आधी, तीन जण पळून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला आले आणि जनरल बटलरनं त्यांना परत द्यायला नकार दिला. मग रीघ लागली. मे १८६२ मध्ये रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशानं चार्ल्स्टनहून 'प्लँटर' हे दक्षिणेचं जहाज पळवून कुटुंबासह उत्तरेच्या आरमारात आणलं. पळालेला प्रत्येक माणूस म्हणजे दक्षिणेच्या शेतावर, खंदकावर, रेल्वेवर राबणारे दोन हात कमी, आणि उत्तरेचे दोन जास्त. शेवटी उत्तरेच्या लष्करात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं कमी पगार घ्यायलाच नकार दिला. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

बखरकार

ताई, मूळ लेखात हे यायला हवं होतं. मनापासून आभार.

सरकी

तोफखाना यांनी ब्रिटनचा विषय काढलाय तर कापसावर लिहितो, त्याचं एक टोक आपल्याकडे येतं.

दक्षिणेचा डाव असा होता : ब्रिटनचा तीनचतुर्थांशाहून जास्त कापूस आमच्याकडून येतो, तो अडवला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि लंडनला आमच्या बाजूनं यावंच लागेल. म्हणून १८६१ मध्ये त्यांनी आपणहूनच निर्यात रोखली. डाव दोन कारणांनी फसला. आधीची पिकं भरघोस आल्यानं लिव्हरपूलच्या वखारी भरलेल्या होत्या, टंचाई जाणवायला १८६२ उजाडलं. तोवर उत्तरेची नाकेबंदी घट्ट होत गेली. ज्या वर्षी कापूस विकून बंदुका घेता आल्या असत्या, ते वर्ष दक्षिणेनं स्वतः वाया घालवलं.

मग लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे वळले. आपला कापूस आखूड धाग्याचा, अमेरिकन मालासाठी बसवलेल्या यंत्रांवर सारखा तुटायचा. त्यात गाठीत सरकी, माती, पाणी. १८६३ मध्ये मुंबई सरकारला भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. तरी भाव चौपटीच्या आसपास गेला. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाटचा माल बैलगाड्यांनी निघाला, कारण बोरघाटाची रेल्वे १८६३ ला आणि थळघाटाची १८६५ ला सुरू झाली, नागपूरला गाडी पोचली १८६७ ला. म्हणजे तेजीच्या ऐन वर्षांत वऱ्हाडपासून मुंबईपर्यंत सलग रेल्वे नव्हतीच.

मुंबईत पैसा इतका आला की बँका, जमीन भरावाच्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर दसपटीच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, ती बातमी पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या भरपाईचा दिवस, त्या दिवशी एकामागून एक पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंद बुडाले, बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली.

दहा वर्षांनी दख्खनचे दंगे झाले तेही याच मंदीमुळे.

सातबारा

सरकी, बाकी सगळं मान्य, शेवटच्या ओळीला मात्र हरकत. दंगे १२ मे १८७५ ला सुप्याला सुरू झाले, भीमथडी तालुक्यात. पुणे आणि नगर जिल्ह्यांचा तो भाग बाजरी-ज्वारीचा, कापूस नाममात्र. कापसाचा भाव पडल्यानं सुप्याचा शेतकरी थेट कसा बुडेल?

मधला दुवा शेतसाऱ्याचा आहे. तेजीच्या काळात कापसाबरोबर धान्याचे भाव आणि रेल्वेच्या कामांवरची मजुरीही वाढली. तीस वर्षांच्या मुदतीचा सारा १८६७ पासून इंदापूरकडून नव्यानं ठरू लागला, तो या चढ्या भावांवर बेतून. नंतर भाव उतरले, सारा चढाच राहिला आणि सावकारानं हात आखडता घेतला. म्हणून लोकांनी माणसांपेक्षा कर्जरोखे जाळले. संबंध आहे, पण तुम्ही म्हणता तितका सरळ नाही.

सरकी

बरोबर आहे, साऱ्याचा दुवा धरूनच वाचायला हवं. खानदेश-वऱ्हाडात कापसाचा फटका थेट होता, पुणे-नगरला असा वळसा घालून.

माळरान

याच संदर्भात, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामगिरी नष्ट करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. त्या लढ्याचा अर्थ पुण्यात बसून इतका नेमका ओळखला, याचा मला फार अभिमान वाटतो.

दीपस्तंभ

अवांतर : ब्रिटनमध्ये बांधलेली दक्षिणेची 'अलाबामा' ही लुटारू युद्धनौका जानेवारी १८६४ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोला आली होती, पकडलेले खलाशी उतरवायला. जूनमध्ये फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर ती बुडवली गेली. तिच्यासारख्या जहाजांनी केलेल्या नुकसानीपोटी ब्रिटनला १८७२ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलर भरावे लागले.

तोफखाना

मूळ प्रश्नाकडे येऊ. पश्चिमवाल्यांना एक विचारतो. व्हिक्सबर्गनंतर सगळं ठरलंच होतं, तर २३ ऑगस्ट १८६४ ला लिंकननी "आपण निवडणूक हरणार" असं गृहीत धरणारं टिपण लिहून ते वाचू न देताच मंत्र्यांच्या सह्या का घेतल्या? मे-जूनमध्ये वाइल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर इथे ग्रँटची हजारो माणसं पडली होती. उत्तर थकली होती. दक्षिणेला जिंकायची गरजच नव्हती, नोव्हेंबरपर्यंत टिकलं तरी पुरे होतं.

बखरकार

हा मुद्दा बिनतोड आहे. पण ती निवडणूक वाचवली कुणी? २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. लिंकन २१२ विरुद्ध २१ इलेक्टोरल (राज्यवार प्रतिनिधींच्या) मतांनी जिंकले. आणि अटलांटाला जायचा दरवाजा टेनेसीतलं चॅटनूगा, तो नोव्हेंबर १८६३ मध्ये उघडला. एकच जागा निवडायची तर मी आता व्हिक्सबर्गऐवजी चॅटनूगा म्हणेन. व्हिक्सबर्गनं दक्षिण दुभंगली, पण पीठ, लोखंड आणि बंदुका तयार करणारा जॉर्जिया शाबूत होता. तो चॅटनूगामुळे हाती आला.

मालगाडी

चॅटनूगाला अनुमोदन. शेवटही रुळांवरच झाला. रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गचा वेढा म्हणजे एकेक लाइन तोडत जाणं. ऑगस्ट १८६४ मध्ये वेल्डनची लाइन तुटली, मग लीचा माल स्टोनी क्रीकला उतरवून वॅगननं लांबच्या वळशानं आणावा लागला. इकडे सिटी पॉइंटच्या धक्क्यावर उत्तरेच्या भट्ट्या रोज लाखावर पाव भाजत होत्या आणि लष्करानं खंदकांच्या मागे स्वतःची रेल्वे टाकली होती. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला, विल्मिंग्टन बंदर बंद झालं. २ एप्रिलला साउथसाइड लाइन तुटली, त्याच रात्री रिचमंड सोडावं लागलं. ४ तारखेला ली अमीलियाला पोचला तर तिथे अपेक्षित रसद नव्हती, चारा गोळा करण्यात एक दिवस गेला. ९ एप्रिलला अ‍ॅपोमॅटॉक्सला तो शरण आला.

सातबारा

म्हणजे युद्ध अधिकृतपणे ९ एप्रिललाच संपलं का?

नदीकाठ

नाही, ती फक्त लीची फौज. जॉन्स्टन २६ एप्रिलला नॉर्थ कॅरोलिनात शरण आला, मिसिसिपीपलीकडची फौज मेअखेर-जूनच्या सुरुवातीला. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला १९ जूनला. चेरोकी सेनानी स्टँड वेटी २३ जूनला शरण आला, तो दक्षिणेचा शेवटचा जनरल. 'शेनँडोआ' ही दक्षिणेची युद्धनौका ६ नोव्हेंबरला लिव्हरपूलमध्ये स्वाधीन झाली. आणि गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ ला मंजूर झाली. केंटकी आणि डेलावेअरमधल्या गुलामांना तोवर कायद्यानं सुटका नव्हती, कारण जाहीरनामा उत्तरेकडे राहिलेल्या राज्यांना लागूच नव्हता.